पॅकेजच्या पुढचा प्रश्न



ज्या शिक्षकांच्या स्मृतीत आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी इथे भंडाऱ्यात आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज पुण्यात, हैदराबादला, बंगळुरूला संगणकासमोर बसलेली आहेत. मीही त्याच वाटेनं गेले. लाखनी, मग नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग पुणे. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, आपली ही जी मुलं आयटीत आहेत, ती कामात समाधानी आहेत का, यावर बोलू द्या. हा प्रश्न आपल्या गावात कोणी विचारत नाही, आणि तो विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

आपण काय विचारतो? लग्नात, बारशात, खांब तलावाच्या चौकात कोणी भेटलं की पहिला प्रश्न, "पोट्टा कुठी हाये जी?" "पुण्याले." दुसरा प्रश्न, "पॅकेज किती?" आकडा कळला की विषय संपतो. आकडा मोठा असला तर कौतुक, लहान असला तर थोडी शांतता. तिसरा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नाही. तो दिवसभर करतो काय? आणि ते त्याला करावंसं वाटतं का?

याआधीच्या पिढीचं मोजमाप वेगळं होतं. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, गडेगावचं अशोक लेलँड, वरठीचं सनफ्लॅग, चिखल्याच्या आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. तेव्हा प्रश्न असायचा, "परमनंट हाये का?" त्या एका शब्दावर मुली दिल्या जायच्या. आज त्या शब्दाची जागा पॅकेजनं घेतली. पण बघा, परमनंट काय आणि पॅकेज काय, दोन्ही गोष्टी कामाच्या भोवतालच्या आहेत. काम स्वतः कसं आहे, हे दोन्हींतून कळत नाही.

भोवतालच्या गोष्टी आणि प्रत्यक्ष काम हा भेद माझा नाही. १९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांसोबत एक पुस्तक प्रसिद्ध केलं. पिट्सबर्गच्या परिसरातले सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीस त्यांनी गाठले आणि त्यांना अगदी साधी विचारणा केली. कामावर असताना फार बरं वाटलं असा एखादा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असा एखादा प्रसंग सांगा. तुम्हाला वाटेल की एकाच गोष्टीची दोन टोकं बाहेर आली असतील. पगार चांगला म्हणून आनंद, पगार कमी म्हणून दुःख. तसं झालं नाही. दुःखाच्या गोष्टींत कंपनीची धोरणं, वरिष्ठांचं वागणं, पगार, कामाची जागा हे मोठ्या प्रमाणावर होतं. आनंदाच्या गोष्टींत मात्र वेगळीच यादी होती. एखादं काम तडीस गेलं, कोणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली, कामच मुळात गोडीचं होतं. हर्झबर्गचं म्हणणं असं की दुःखाची कारणं दूर केली म्हणून माणूस समाधानी होत नाही, तो फक्त तक्रार करायचा थांबतो. समाधान वेगळ्या झऱ्यातून येतं.

या सिद्धांतावर टीका झाली, आणि ती रास्त आहे. माणूस चांगल्या प्रसंगाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचा दोष कंपनीवर टाकतो, त्यामुळे याद्या आपोआप अशा वेगळ्या पडतात, असं टीकाकार म्हणाले. ते मला पटतं. पण एक गोष्ट उरतेच. आनंदाचा प्रसंग सांगा म्हटल्यावर माणसाला आठवलं ते त्यानं केलेलं काम. गेल्या वीसेक वर्षांत मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले. पगारवाढीची गोष्ट फार क्वचित कोणी सांगितली. "ताई, तो बग तीन आठवडे कोणाला सापडत नव्हता, मला सापडला," हे मात्र मुलं डोळ्यांत चमक आणून सांगतात.

आता कोणी म्हणेल, ताई, तुमचं पोट भरलेलं आहे म्हणून पगाराची गोष्ट तुम्ही बाजूला सारता. तसं अजिबात नाही. दोन-अडीच एकर धानाची शेती, त्यात शिक्षणाचं कर्ज, धाकट्या बहिणीचं शिक्षण पाठीमागे उभं, अशा घरातून गेलेल्या मुलाला पगार ही पहिली गोष्ट आहे आणि असलीच पाहिजे. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला मिळणारा वार्षिक पगार साडेतीन लाखांच्या आसपास अडकून कैक वर्षं झाली. पुण्यातल्या हिंजवडीचं घरभाडं मात्र तिथे अडकून राहिलेलं नाही. हे अन्यायाचं आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की पगार दुप्पट झाला तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो राहिलेला आपल्याला दिसतही आहे. २०२१-२२ ची लाट आठवा. कोविडनंतर सगळ्या जगाला सॉफ्टवेअर हवं होतं, माणसं कमी पडत होती, आणि मुलं भराभर कंपन्या बदलत होती. मार्च २०२२ ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसचा गळतीचा दर २७.७ टक्के होता. शंभरांतली सत्तावीस-अठ्ठावीस माणसं वर्षभरात निघून जात होती. पगार वाढले, खरंच वाढले. आणि वर्षभरात तीच मुलं फोन करून विचारायला लागली, "ताई, कुठं दुसरीकडं बघू का?" पैसा मिळाला होता. मग काय मिळालं नव्हतं?

त्याचं उत्तर द्यायचं तर हा धंदा चालतो कसा, हे थोडं उलगडून सांगावं लागेल. पालकांसाठी मी हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच घरांत आईवडिलांना मुलगा "कंपनीत" आहे एवढंच माहीत असतं.

महाराष्ट्राचं आणि या धंद्याचं नातं जुनं आहे. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, उभी राहिली आणि फकीरचंद कोहलींनी तिला आकार दिला. १९८१ साली इन्फोसिसचा जन्म पुण्यात झाला, नंतर ती बंगळुरूला गेली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक आलं, आणि १९९१ साली तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरला शिकलेले. त्यांच्या संघात काम केलेल्या माणसांशी मी बोलले आहे. पगार सरकारी, सोयी बेताच्या, मुदत तोंडावर. तरी त्या दिवसांबद्दल बोलताना आजही त्यांचा आवाज बदलतो. अमेरिका देत नव्हती तो महासंगणक आपण घडवतोय, हे त्यांना रोज माहीत होतं.

पण आपली बहुसंख्य मुलं ज्या शाखेत गेली ती वेगळी. ती सेवांची शाखा. परदेशातल्या बँकेचं, विमा कंपनीचं, दुकानांच्या साखळीचं सॉफ्टवेअर इथून सांभाळायचं. सन २००० च्या आधी जुन्या संगणकांत वर्षाचे दोनच अंक साठवलेले असत. ते दुरुस्त करायचं प्रचंड काम निघालं आणि त्यातून हा धंदा एकदम फोफावला. या धंद्यात कंपनी ग्राहकाला काय विकते? मोठ्या प्रमाणावर ती माणसाचे तास विकते. माणूस ग्राहकाच्या कामावर लागला की त्याचं बिल निघतं. कामावर नसला की तो "बेंचवर". जून २०२५ मध्ये टीसीएसनं नियमच केला की कर्मचाऱ्याचे वर्षाला किमान २२५ दिवस बिल झाले पाहिजेत आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाऊ नयेत. व्यवसाय म्हणून हिशेब समजण्यासारखा आहे. पण बावीस वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. तो काय शिकला, त्यानं काय घडवलं, यापेक्षा तो बिल झाला का, हे मोजलं जातं. मिळेल त्या प्रोजेक्टवर त्याला जावं लागतं. शिकला जावा ही भाषा, हाती आला कोबॉलमधला चाळीस वर्षांपूर्वीचा कोड. निवडायला सवड नसते.

आणि कामाचे तुकडे किती करायचे? मागणी कोणी तरी लिहितो, रचना कोणी तरी ठरवतो, कोड तिसरा लिहितो, चाचणी चौथा करतो, बसवतो पाचवा, आणि रात्री बिघडलं की उठतो सहावा. या सहांतल्या एकालाही ते वापरणारा माणूस दिसत नाही. त्याच्यापर्यंत येतं ते टिकीट. टिकीट उघडा, टिकीट बंद करा. वर्षाच्या शेवटी अप्रेझल येतं. बऱ्याच ठिकाणी अजूनही गटातल्या काही जणांना वरचा, बहुतेकांना मधला आणि काहींना खालचा शेरा द्यायचाच, असा बेल कर्व्ह असतो. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी कोणाला तरी खाली ढकलायचं. मी स्वतः ते शेरे दिले आहेत. एखाद्या मुलीला तिची काहीही चूक नसताना मधला शेरा वाचून दाखवताना तिचा चेहरा कसा उतरतो, ते मी पाहिलं आहे. कामाची दखल ही समाधानाची दुसरी मोठी गोष्ट, असं हर्झबर्ग म्हणतो. ती दखल इथे वाटणीची वस्तू होते.

आता एका जुन्या अभ्यासाकडे येते. तो आयटीवाल्यांचाच आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कूगर आणि झवाकी या दोन अभ्यासकांनी संगणक क्षेत्रातल्या लोकांची मोठी पाहणी केली. १९८० साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. इतर व्यवसायांच्या तुलनेत या माणसांना शिकण्याची, वाढण्याची भूक फार जास्त. आणि माणसांत मिसळण्याची गरज फार कमी. आपल्या घरातली मुलं आठवा. गणितात रमणारी, कमी बोलणारी, पाहुणे आले की खोलीत जाणारी. बरोबर ना? अशा मुलांना कंपनी काय देते? वर्षातून एकदा रिसॉर्टवर सहल, शुक्रवारी खेळ, दिवाळीला मिठाईचा डबा. ते वाईट नाही, पण त्यांची भूक तिथे नाहीच. त्यांना कठीण प्रश्न हवा, तो सोडवायला मोकळीक हवी, आणि सोडवला तर बरोबर सुटला का ते कळायला हवं.

त्याच सुमाराला हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी काम चांगलं कशानं होतं याचे पाच गुण मांडले. कामात वेगवेगळी कौशल्यं लागावीत. काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातात असावं. त्याचा दुसऱ्याच्या आयुष्यावर काही परिणाम व्हावा. ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक असावी. आणि ते कसं झालं हे कामातूनच कळावं. मी या पाचांपैकी दोन गुणांवर थांबणार आहे, कारण आपल्या मुलांच्या बाबतीत तिथेच सगळ्यात जास्त तुटलेलं आहे. काम अखंड असणं, आणि ते कोणासाठी आहे हे दिसणं.

या दोन गोष्टी समजून घ्यायला आपल्याला पिट्सबर्गला जायची गरज नाही. साकोलीच्या रस्त्यानं जा. शिवनीबांध बघा. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेलं, १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर तिकडे गेलेलं नवेगावबांध बघा. या भागातले तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले, शेकडो वर्षांपूर्वी. जमिनीचा उतार त्यांनीच ओळखला, पाळ त्यांनीच घातली, सांडवा कुठे काढायचा ते त्यांनीच ठरवलं. पाणी कुठल्या बांधीला आधी आणि कुठल्या बांधीला नंतर, हेही त्यांनीच लावून दिलं. आणि त्या पाण्यावर पिकलेला धान त्यांच्याच डोळ्यांसमोर कापला गेला. चूक झाली तर पहिल्याच पावसात कळत होतं. आपण मघाशी मोजलेले ते पाचही गुण त्या एका पाळीवर होते.

मग काय झालं? १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, त्यात जुलूम होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मालगुजारांच्या ताब्यातले तलाव सरकारकडे गेले, आणि तलावाचं काम तुकड्यांत विभागलं गेलं. मासे एकाकडे, सिंचन दुसऱ्याकडे, गाळ कोणाकडेच नाही. कितीतरी तलाव उथळ झाले. माणसं तीच होती, ज्ञानही गावात होतं. पण कोणा एकाचं ते पूर्ण काम राहिलं नाही. आपली हुशार मुलं पुण्यात बसून आज जे अनुभवतात ते मला यापेक्षा फार वेगळं वाटत नाही. कौशल्य आहे, कष्ट आहेत, आणि अख्खं काम कोणाच्याच हाती नाही.

दुसरी गोष्ट, काम कोणासाठी. माझाच एक प्रसंग सांगते. मी कित्येक महिने परदेशातल्या एका विमा कंपनीच्या दाव्यांचा एक स्क्रीन सांभाळत होते. तो कोण वापरतं, कसं वापरतं, मला काहीच माहीत नव्हतं. मग एकदा ग्राहकाकडे जायची संधी आली आणि मी दाव्यांच्या विभागात एका बाईंशेजारी बसले. पन्नाशीच्या असतील. त्या माझ्या स्क्रीनवरचा एक क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहायच्या, दुसरा स्क्रीन उघडायच्या आणि तोच क्रमांक तिथे पुन्हा टाकायच्या. दिवसभर. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग. मी विचारलं, किती वर्षं असं करता? म्हणाल्या, हा प्रोग्रॅम आल्यापासून. तो क्रमांक आपोआप पुढे जाईल अशी सोय करायला मला दुपारचा वेळ पुरला. परवानग्या मिळून ती सुरू व्हायला काही आठवडे लागले, पण झाली. मला त्या नोकरीत बढत्या मिळाल्या, बक्षिसंही मिळाली. आज मागे वळून बघते तेव्हा आठवतात त्या चिठ्ठ्या, ज्या आता लिहाव्या लागत नाहीत.

फ्रेडरिक ब्रूक्स नावाचे एक मोठे संगणकतज्ज्ञ होते. आयबीएमची ओएस ३६० ही अवाढव्य प्रणाली त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. १९७५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी प्रोग्रॅमिंगमध्ये आनंद कशाचा असतो ते नोंदवलं आहे. घडवण्याचा आनंद, शिकत राहण्याचा आनंद, आणि आपण केलेली गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडते याचा आनंद. हा तिसरा आनंद आपल्या मुलांना कोण देणार?

आता आपल्याच गावातलं बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो. सातबाऱ्यावर धानाची नोंद नीट आली नाही तर सरकारच्या आधारभूत खरेदी केंद्रावर विकताना अडचण येते. आता एखादा साठीचा शेतकरी भर उन्हात बांधीत उभा आहे, फोटो चढत नाही, मुलगा पुण्यात आहे, त्याला फोन लावतो. मुलगा सॉफ्टवेअर इंजिनिअर. मीटिंगमध्ये असतो, फोन कट करतो. सेवा केंद्रावर जा, तिथे "सर्व्हर डाऊन" म्हणून रांग. ज्या कौशल्याची त्या बांधीत गरज आहे ते कौशल्य त्याच घरात जन्मलं, आणि ते एका अशा स्क्रीनवर खर्च होतंय ज्याचा वापरणारा त्या मुलाला कधी भेटणार नाही. मला हे बघवत नाही. देशाच्या बाहेरची कामं करू नयेत असं मी म्हणत नाही. त्या कामांनी हजारो घरं वर आणली, माझं घर आणलं. पण ज्याला आपल्या कामाचा वापरणारा एकदाही दिसला नाही, त्याला समाधान कुठून येणार?

तासांबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यावर वर्तमानपत्रांत भरपूर आलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि वादळ उठलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. यात मतभेदाला जागा नाही, हा शरीराचा प्रश्न आहे. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा १० तास करायला मान्यता दिली. मला हे उलट्या दिशेनं जाणारं पाऊल वाटतं. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा, यासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. पण मुलांच्या बाबतीत एक निरीक्षण सांगते. ज्याला काम आपलं वाटतं तो कधी कधी स्वतःहून रात्री जागतो आणि सकाळी ताजा असतो. ज्याला वाटत नाही तो सहाला सुटला तरी दमलेला असतो. तास मर्यादेत हवेतच. तास आवरले म्हणून बाकीचं जागेवर येत नाही.

मुलींबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. समोर बऱ्याच मुली दिसतात, म्हणूनही. आपल्या भागातून आयटीत गेलेली मुलगी ही अनेक घरांतली पहिली कमावती मुलगी आहे. तिच्या पगारातून घराला स्लॅब पडला, भावाचं शिक्षण झालं. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. कागदावर चांगलं आहे. पण रात्री नऊला अमेरिकेबरोबरचा कॉल सुरू होतो तेव्हा पाळणाघर बंद असतं. मग ती सोपं काम मागून घेते, कॉल नसलेलं, जबाबदारी नसलेलं. तिथे शिकायला काही नसतं. दोन वर्षांत तिला वाटायला लागतं की आपल्याला काही येत नाही. आणि मग घरचे म्हणतात, "राहू दे ना बाई, कशाला एवढी दगदग." मी अशा किती मुलींचे राजीनामे वाचले. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" लिहिलेलं असतं. त्या मुलींना काम नको होतं असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांच्याकडे जे काम उरलं होतं, ते करण्यासारखं नव्हतं.

काम कोणासाठी आहे हे दिसलं की काय होतं, ते आपण एकदा पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुलं घरी आली. लाखनी, पवनी, तुमसर, मोहाडी, घराघरांत लॅपटॉप उघडले. नेट मिळावं म्हणून मुलं गच्चीवर बसली. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, भंडारा पाण्यात गेला. मुलांनी माणसं हलवायला मदत केली, अन्न वाटलं आणि त्याच दिवशी लॉगिनही केलं. त्या काळात आईवडिलांना पहिल्यांदा दिसलं की मुलगा दिवसभर काय करतो. आणि मुलांना दिसलं की आपल्या कामाची गरज या गावालाही आहे. शाळेचे ऑनलाइन वर्ग लावून देणारा, लसीची नोंदणी करून देणारा, बँकेचं ॲप शिकवणारा तोच होता. मला अनेकांनी सांगितलं की त्या दोन वर्षांत दमणूक भयंकर झाली, पण एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. कारण साधं आहे. त्या लोकांचे चेहरे समोर होते.

आता शेवटचा मोठा मुद्दा, आणि तो भीतीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून कोड लिहून देणारी साधनं झपाट्यानं सुधारली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं, म्हणजे साधारण २ टक्के कमी करणार असं जाहीर केलं. कंपनीनं कारणं वेगळी सांगितली, पण घराघरांत लोकांनी एकच अर्थ काढला. भंडाऱ्यातल्या पालकांनी मला फोन केले. मुलाला कॉम्प्युटरला घालू की नको?

माझं उत्तर असं. जे काम तुकड्यांचं होतं, दिलेल्या मजकुरावरून कोड उतरवायचं, ते काम यंत्राकडे जाणार. ते जाण्यात कामाचा आनंद फारसा जाणार नाही, कारण त्यात तो फारसा नव्हता. पोट जाणार ही काळजी खरी आहे आणि ती मी हलकी करत नाही. पण उरतं ते काय? शेतकऱ्याच्या बांधीत उभं राहून त्याला नेमकं काय अडतंय ते ओळखणं. दावे तपासणाऱ्या बाईंच्या चिठ्ठ्या दिसणं. एका माणसानं अख्खी गोष्ट डोक्यात धरणं आणि ती बिघडली तर माझी म्हणून उभं राहणं. हे जमणाऱ्यांची गरज संपलेली नाही, आणि समाधानाची जागाही तिथेच आहे.

मग विद्यार्थ्यांनो, मुलाखतीत कंपनी तुम्हाला विचारते तसं तुम्हीही विचारा. मी जे बनवणार ते कोण वापरतं? मला त्यांना भेटता येईल का? मी लिहिलेलं बिघडलं तर ते मलाच कळेल ना? हे प्रश्न विचारले म्हणून कोणी नोकरी नाकारत नाही. चांगला मॅनेजर सुखावतो. आणि उत्तर "ते तुम्हाला कशाला हवं" असं आलं, तर पॅकेज कितीही असो, तुम्हाला पुष्कळ कळलेलं असेल. साठ किलोमीटरवर नागपूर आहे. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, पर्सिस्टंटही नागपुरात आहे. तिथले जे वरिष्ठ अधिकारी इथे आले आहेत त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या नव्या मुलांना पहिल्या वर्षात एकदा तरी वापरणाऱ्या माणसाशेजारी दिवसभर बसवा. ग्राहक परदेशी असेल तर व्हिडिओवर बसवा. त्याचं बिल निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बसवा.

पालकांना एक मागणं. या दिवाळीत मुलगा-मुलगी घरी आले की पॅकेजचा विषय दुसऱ्या दिवसावर ठेवा. आधी लॅपटॉप उघडून दाखवायला सांगा. तू काय करतेस, ते कोण वापरतं, आणि तुला त्यात काय कठीण जातं. तुम्हाला सगळं कळणार नाही. तिला सांगताना ऐका. सांगता सांगता तिचा आवाज चढतो की पडतो, तेवढं तुम्हाला नक्की कळेल.

आणि आयोजकांकडे एक ठोस प्रस्ताव. दिवाळीच्या सुट्टीत भंडाऱ्याची शेकडो आयटीतली मुलं गावात असतात. एक दुपार त्यांना या सभागृहात बोलवा. समोर सेवा केंद्र चालवणारे दहा-बारा जण, दोन-तीन तलाठी, आधारभूत केंद्रावर धान विकणारे शेतकरी बसवा. कोणाचं भाषण नको. शेतकऱ्यानं मोबाइल काढायचा आणि कुठे अडतं ते दाखवायचं, मुलांनी शेजारी बसून बघायचं. सरकारी पोर्टल मुलं परस्पर दुरुस्त करू शकणार नाहीत, पण नेमकं कुठे अडतं याची नीट टिपणं करून ती जिल्हाधिकारी कार्यालयाला देता येतील, आणि छोटी मदतीची साधनं स्वतः बनवताही येतील. मी त्या दिवशी येईन. ज्यांना ही जबाबदारी घ्यायची असेल त्यांनी आत्ता, सभा संपल्यावर, व्यासपीठापाशी नाव द्यावं.

अध्यक्षांच्या परवानगीनं आता प्रश्न घेऊ. सुरुवात मागे उभ्या असलेल्या मुलींपासून करू या.